मूल उंचीला खुंटतं ते कधी आणि कशामुळे? (चर्चा)

निंबोणी

वजनाच्या तक्त्यावर हिरव्या पट्ट्यात असलेलं मूल सगळ्यांना ठीकच वाटतं. हिशेबासाठी रचलेलं एक उदाहरण घेऊ. मुलगी, 18 महिने पूर्ण, वजन 8.9 किलो, आडवं झोपवून मोजलेली लांबी 73.5 सेमी, दंडघेर 13.4 सेमी. या वयाच्या मुलींसाठी कमी वजनाची रेषा 8.1 किलोवर आहे, म्हणजे वजन पास. दंडघेर 12.5 च्या वर, लांबीच्या मानाने वजनही ठीक. सॅम (तीव्र कुपोषित) नाही, मॅम (मध्यम कुपोषित) नाही, कुठल्याच यादीत नाव नाही. पण 18 महिन्यांच्या मुलीची मध्यक लांबी 80.7 सेमी असते आणि उणे 2 एसडीची (प्रमाण विचलन, म्हणजे मध्यकापासून किती दूर याचं माप) रेषा 74.9 वर. ही मुलगी त्या रेषेखाली आहे. उणे 3 ची रेषा 72.0 वर असल्यामुळे तीव्र नाही, पण खुजी नक्कीच.

अशी मुलं आपल्याकडे किती? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातली पाच वर्षांखालची 35.5 टक्के मुलं खुजी निघाली. महाराष्ट्र 35.2. आधीच्या फेरीत महाराष्ट्र 34.4 वर होता. म्हणजे राज्य जागच्या जागी उभं आहे, आणि यात फक्त मेळघाट-नंदुरबार नाही, पुण्या-मुंबईच्या वस्त्याही आल्या.

कारणांच्या याद्या सगळीकडे मिळतात, पण त्यात सगळी कारणं एकाच मापाची दिसतात. तशी ती नाहीत. 137 विकसनशील देशांचा एकत्रित हिशेब 2016 मध्ये प्रसिद्ध झाला होता. दोन वर्षांच्या खुज्या मुलांमागे सगळ्यात मोठा वाटा निघाला तो पोटातच वाढ कमी होण्याचा. त्यानंतर शौचालयांची वाईट अवस्था, मग जुलाब. म्हणजे ज्या गोष्टीवर आपण सगळ्यात जास्त बोलतो (मूल खात नाही!), ती सुरू होण्याआधीच डाव अर्धा खेळून झालेला असतो.

माझं म्हणणं एवढंच: मूल कुठल्या टप्प्यावर मागे पडलं हे शोधल्याशिवाय उपाय सांगू नये. जन्माची लांबी, सहाव्या महिन्याची, बाराव्याची, अठराव्याची, या चार नोंदी शेजारी मांडल्या की बहुतेक वेळा उत्तर दिसतं. जाणकारांनी भर घालावी, आपापल्या कामातली माहिती तपशिलात द्यावी.

---

आकडेमोड

धागा चांगला आहे, पण कारणांकडे जाण्याआधी मोजमाप. वजनात 100 ग्रॅम इकडे-तिकडे झालं तर फार बिघडत नाही. लांबीत दोन सेमी चुकले तर निदान बदलतं.

दोन वर्षांखालचं मूल आडवं झोपवून मोजायचं, दोन वर्षांवरचं उभं करून. मूल रडतं म्हणून वीस महिन्यांच्या पोराला उभंच मोजलं असेल तर आलेल्या आकड्यात 0.7 सेमी मिळवायचे. दोन वर्षांवरचं मूल उभंच राहीना म्हणून झोपवून मोजलं तर 0.7 वजा करायचे.

इन्फंटोमीटरवर (आडवी लांबी मोजायच्या पट्टीवर) माणसं दोन लागतात. एकानं डोकं धरायचं, ते वरच्या फळीला टेकलेलं आणि नजर सरळ छताकडे. दुसऱ्यानं गुडघे हलकेच दाबून पाय सरळ करायचे आणि सरकती फळी दोन्ही टाचांना लावायची, तळवे फळीला काटकोनात. नेहमीची चूक म्हणजे फळी बोटांना टेकते, टाचांना नाही. टोपडं, बो, जाड पँट काढून. आकडा 0.1 सेमीपर्यंत वाचायचा, फळी काढून पुन्हा मोजायचं, आणि दोन मापांत 0.7 पेक्षा जास्त फरक आला तर दोन्ही रद्द करून परत.

उभ्या मापात घोटाळा होतो तो भिंतीवर चिकटवलेल्या कागदी तक्त्यांचा. तक्ता चिकटवताना खालचं शून्य जमिनीला लागलंय का, हे कुणी पाहिलेलं नसतं.

आणि वय! निंबोणी यांच्याच उदाहरणातली मुलगी खरं तर 16 महिन्यांची असेल तर उणे 2 ची रेषा 73.0 वर येते, आणि 73.5 सेमीची तीच मुलगी खुजी राहत नाही. दोन महिन्यांची चूक म्हणजे अख्खं निदान उलटं. जन्मदाखला किंवा लसीकरणाचं कार्ड हातात घेऊनच वय लिहा. "दिवाळीच्या आसपासचा आहे" यावर तक्ता चालत नाही. अपुऱ्या दिवसांचं बाळ असेल तर दोन वर्षांपर्यंत दुरुस्त वय धरायचं: आठ आठवडे लवकर झालं असेल तर वयातून आठ आठवडे वजा.

---

भोपळी

एक बाळबोध शंका. आईवडीलच ठेंगणे असतील तर मूल उंच कुठून होणार? भारतीय मुलांना परदेशी तक्ता लावणंच चूक आहे, असंही पुष्कळदा वाचलंय.

---

आकडेमोड

भोपळी, शंका बाळबोध नाही, त्यावर अर्थशास्त्रज्ञांमध्ये भांडणं झाली आहेत. पण तक्ता परदेशी नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 1997 ते 2003 दरम्यान सहा देशांतली मुलं मोजली: ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका. भारतातली मुलं दक्षिण दिल्लीतली होती. स्तनपान मिळालेली, आई धूम्रपान न करणारी, घरची स्थिती बरी, अशीच मुलं निवडली होती. पाच वर्षांपर्यंत सहाही ठिकाणच्या मुलांची उंची जवळजवळ सारखीच वाढत गेली. तक्ता 2006 मध्ये आला तो यावरून.

आईच्या उंचीचा संबंध मात्र खरा आहे. 145 सेमीपेक्षा कमी उंचीच्या आईचं मूल खुजं असण्याची शक्यता बरीच जास्त असते. पण त्यात अनुवंश किती आणि ती आई स्वतः लहानपणी खुंटली होती म्हणून किती, हे एका मुलाकडे पाहून वेगळं काढता येत नाही. ठेंगण्या आईचं गर्भाशयही लहान, ओटीपोटाची हाडंही लहान. तेव्हा "घराणंच तसं" म्हणून फाईल बंद करू नये.

भारतापुरती आणखी एक गोष्ट. आपल्याकडे पहिल्या मुलापेक्षा दुसरं आणि दुसऱ्यापेक्षा तिसरं मूल ठेंगणं निघतं, आणि ही उतरण आफ्रिकेतल्या देशांपेक्षा आपल्याकडे जास्त तीव्र आहे. सख्खी भावंडं, अनुवंश तोच. मग फरक कुठून आला?

---

केळफूल

पोटातल्या वाढीवर बोलायचं तर महाराष्ट्राइतका चांगला अभ्यास फार थोड्या ठिकाणी झालाय, आणि आपल्यालाच तो माहीत नसतो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयानं 1993 पासून जिल्ह्यातल्या सहा गावांमध्ये गरोदर बायकांची पाहणी सुरू केली. बाळांचं सरासरी वजन भरलं साधारण 2.7 किलो. इंग्लंडमधल्या बाळांच्या तुलनेत ही बाळं लांबीला आणि स्नायूंना कमी होती, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानानं टिकून होती. बारीक दिसणारी पण चरबी राखून असलेली बाळं. दुसरा निष्कर्ष घरोघरी सांगण्यासारखा: आईनं किती कॅलरी खाल्ल्या यापेक्षा तिनं हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध किती वेळा खाल्लं, याचा बाळाच्या आकाराशी जास्त संबंध दिसला.

मग मुंबईच्या वस्त्यांमध्ये 2006 पासून प्रयोग झाला. पालेभाजी, फळं, दूध घालून केलेला खाऊ बायकांना रोज द्यायचा, तोही दिवस राहण्याच्या आधीपासून. सगळ्या बायकांचा एकत्र हिशेब केला तर वजनात म्हणण्यासारखा फरक नाही. पण ज्यांनी गर्भधारणेच्या किमान 90 दिवस आधीपासून खाल्लं, त्यांची बाळं सरासरी 48 ग्रॅमनी जड. 48 ग्रॅम फार नाहीत, मान्य. पण वेळेबद्दल जे कळलं ते मोलाचं आहे. आपल्याकडे पहिली नोंदणी तिसऱ्या-चौथ्या महिन्यात होते आणि पोषणाचं बोलणं तिथून सुरू होतं.

व्यवहारात पाहायच्या गोष्टी:

दिवस राहिले तेव्हा आईचं वजन किती होतं. उंचीच्या मानाने वजन फारच कमी (बीएमआय 18.5 च्या खाली) असेल तर नुसत्या गोळ्या देऊन भागत नाही, ताटातली भाकरी वाढली पाहिजे. अंगणवाडीतून गरोदर बाईला रोज 600 किलोकॅलरी आणि 18 ते 20 ग्रॅम प्रथिनं मिळणं नियमात आहे. घरी नेलेलं पाकीट घरातल्या सगळ्यांच्या ताटात जातं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आदिवासी भागातल्या अमृत आहार योजनेत बाई अंगणवाडीत बसून गरम जेवते, त्यामागचं कारण हेच.

लोहाच्या गोळ्या 180 दिवस, रोज एक, 60 मिग्रॅ लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची. कॅल्शियमची गोळी त्याच वेळी नको, दोन तासांचं अंतर हवं, नाहीतर लोह शोषलं जात नाही. आणि लोहाच्या गोळीवर लगेच चहा नको. गोळी बंद होते ती मळमळीमुळे. रात्री जेवून झोपताना घेतली की बऱ्याच जणींना सोसते.

मिश्री. हा मुद्दा शहरी याद्यांमध्ये सापडत नाही. तंबाखू भाजून दातांना लावायची सवय कोकणापासून मराठवाड्यापर्यंत आहे, आणि गरोदरपणात मळमळ होते म्हणून ती वाढते. मुंबईत झालेल्या अभ्यासात तंबाखू खाणाऱ्या-लावणाऱ्या आयांची बाळं सरासरी 105 ग्रॅमनी हलकी निघाली. वर सांगितलेल्या खाऊनं जेवढं मिळालं त्याच्या दुप्पट यानं गेलं! "तंबाखू खाता का?" असं विचारलं तर उत्तर "नाही" येतं. "दात कशानं घासता?" असं विचारा.

पाळणा लांबवणं हाही उंचीचाच उपाय आहे. एका बाळंतपणानंतर पुढचे दिवस राहायला किमान 24 महिने जाऊ द्यावेत. आणि लग्नाचं वय: आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या 21.9 टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. वाढत्या वयातली मुलगी गरोदर राहिली की तिचं स्वतःचं शरीर आणि गर्भ एकाच ताटातलं खातात.

---

सांडगे_मिरची

केळफूलताई, मिश्रीच्या मुद्द्याला दंडवत.

आता ताटाकडे. सहा महिन्यांपासून दीड वर्षांपर्यंत जो घसरणीचा काळ असतो, त्यात आपल्याकडची एक नंबरची चूक म्हणजे पातळ. वरणाचं पाणी, भाताची पेज, पातळ खीर. आईला वाटतं पचायला हलकं. हिशेब बघा.

8 किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी साधारण 240 मिली मावतं (किलोला 30 ग्रॅमप्रमाणे). 9 ते 11 महिन्यांच्या, अंगावर पिणाऱ्या बाळाला वरच्या अन्नातून रोज सुमारे 300 किलोकॅलरी लागतात. वरणाच्या पाण्यात ग्रॅममागे 0.2 किलोकॅलरी असतील तर पोट तीन वेळा तुडुंब भरूनही 144 मिळाल्या. बाळ तृप्त, आई निवांत, आणि हिशेबात निम्मी तूट.

त्याऐवजी 30 ग्रॅम तांदूळ, 15 ग्रॅम मूगडाळ, मऊ शिजवून घोटून, वर चहाचा एक चमचा (5 ग्रॅम) तूप किंवा तेल. याच्या साधारण 200 किलोकॅलरी झाल्या आणि शिजून झालं जेमतेम 200 ग्रॅम. म्हणजे ग्रॅमला एक. अशी दीड वाटी दिवसात पोटात गेली की काम झालं. चमचा आडवा केला तर ओघळून जाऊ नये, हळूहळू घसरावं, हा घट्टपणा. 6 ते 8 महिन्यांना दिवसाला 200 किलोकॅलरी, दोन-तीन वेळा. वर्षानंतर 550, तीन-चार वेळा आणि मध्ये काहीतरी हातात धरून खायला.

घट्ट लापशी बाळाला गिळत नाही, ही अडचण खरी आहे. त्यावर उपाय मोडाच्या पिठाचा. नाचणी धुऊन 8 ते 12 तास भिजवा, ओल्या फडक्यात बांधून दीड दिवस ठेवा, मोड अर्धा सेमी आले की वाळवा, मोड चोळून काढा, दळा. भाजू नका. भाजलं की त्यातलं विकर (लापशी सैल करणारं एन्झाइम) मरतं आणि ते साधं पीठ उरतं. (बाजारातलं बरंचसं नाचणी सत्त्व भाजलेलंच असतं.) लापशी नेहमीच्या पिठाची, जाडसर शिजवायची, खाली उतरवून वाफ जरा बसली की वाटीमागे एक छोटा चमचा मोडाचं पीठ घालून ढवळायचं. उकळत्यात घालायचं नाही. पाच मिनिटांत घट्ट लापशी सैल होते, पाणी न घालता. मग पुन्हा एक उकळी, कारण कच्च्या पिठात जंतू असू शकतात. ज्वारीचे मोड यासाठी वापरू नका, त्या कोंबांत सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं.

दुसरी चूक चहा-बिस्कीट. सकाळी चहात बुडवून दोन बिस्किटं आणि दुपारी पाच रुपयांची पुडी. पोट भरतं, भूक मरते, आणि चहामुळे जेवणातलं लोहही वाया.

---

भोपळी

मग रोज एक अंडं दिलं तर?

---

सांडगे_मिरची

द्यावंच. इक्वेडोरमध्ये 6 ते 9 महिन्यांच्या बाळांना सहा महिने रोज एक अंडं देऊन पाहिलं. 2017 मध्ये निकाल आला, लांबी 0.63 एसडीनं वाढली. पोषणाच्या प्रयोगात एवढा फरक क्वचित दिसतो.

---

आकडेमोड

पुढची गोष्टही सांगा ना, सांडगे. तोच प्रयोग मलावीत केला, 2019 मध्ये निकाल आला, लांबीत काहीच फरक नाही. तिथल्या मुलांच्या जेवणात आधीच मासे होते आणि खुजेपणही सुरुवातीला कमी होतं, असं कारण देतात. अंडं हा मंत्र नाही. जिथे प्राणिज अन्न शून्यावर आहे तिथे ते दिसतं.

---

सांडगे_मिरची

बरोबर. आणि आपल्या बहुतेक घरांमध्ये वर्षाच्या आतल्या बाळाच्या ताटात प्राणिज अन्न शून्यावरच असतं, म्हणून आपल्यासाठी मी इक्वेडोर धरेन. आठ अन्नगट मानले तर (आईचं दूध, धान्य-कंद, डाळी-दाणे, दूध-दही, मांस-मासे, अंडी, पिवळी-हिरवी भाजी-फळं, बाकी भाज्या-फळं) दिवसात किमान पाच हवेत. पाचव्या फेरीत देशातल्या 6 ते 23 महिन्यांच्या फक्त 11.3 टक्के मुलांना पुरेसा आहार मिळत होता.

शाकाहारी घरांत दही, दाण्याचं कूट, तिळकूट, डाळ. दाणे कुटूनच, अख्खे नाहीत, घशात अडकतात. बुरशी आलेले, कडवट दाणे मुलाच्या ताटात नकोत. स्वस्त मिळतात म्हणून कुटासाठी तेच वापरले जातात.

---

गंधर्वा

प्राणिज अन्नावर एवढा जोर का, ते शरीराच्या बाजूनं सांगतो. पोषकद्रव्यं दोन गटांत पडतात. लोह, आयोडीन, जीवनसत्त्वं कमी पडली की शरीर साठा वापरतं, मग विशिष्ट आजार दिसतो, पण वाढ लगेच थांबत नाही. जस्त, चांगली प्रथिनं, फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम कमी पडलं की आजार दिसतच नाही. शरीर थेट वाढ थांबवतं. म्हणून खुजं मूल तपासलं तर "बाकी सगळं नॉर्मल" निघतं. आणि पोळी-भातात जस्त असलं तरी धान्यातल्याच फायटेट नावाच्या द्रव्यामुळे ते नीट शोषलं जात नाही. भिजवणं, मोड आणणं, आंबवणं (आंबोळी, इडली) यानं फायटेट कमी होतं.

वारंवार ताप-खोकल्यात काय होतं? दाह चालू असला की वाढीचा निरोप हाडांच्या टोकांशी असलेल्या कूर्चेपर्यंत नीट पोचत नाही. भूकही गेलेली. आजार चार दिवसांचा, वाढ थांबते त्याहून जास्त. म्हणून आजारानंतर दोन आठवडे रोज एक जेवण जास्तीचं.

जुलाबात ओआरएससोबत झिंक 14 दिवस: सहा महिन्यांवर 20 मिग्रॅ, 2 ते 6 महिन्यांच्या बाळाला 10 मिग्रॅ. तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले की बाटली फळीवर जाते. चौदा दिवस पूर्ण करायचे ते पुढचे जुलाब टाळण्यासाठी, हे सांगितल्याशिवाय कुणी पूर्ण करत नाही.

---

सह्यकडा

निंबोणी यांनी शौचालय दुसऱ्या क्रमांकावर ठेवलं. त्यावर एक वाद घालतो. बांगलादेश, केनिया आणि झिम्बाब्वेतले मोठे प्रयोग 2018-19 मध्ये प्रसिद्ध झाले. घरात शौचालय, हात धुण्याची सोय, पाण्यात क्लोरीन, सगळं दिलं. लांबीत फरक शून्य. आहार दिला त्या गटात थोडा फरक, बांगलादेशात 0.25 एसडी. शौचालय दिलं आणि आहारही दिला, तरी नुसत्या आहारापेक्षा जास्त फरक नाही.

---

निंबोणी

सह्यकडा, प्रयोग खरे आहेत, पण त्यावरून "स्वच्छतेचा उंचीशी संबंध नाही" असं निघत नाही. एका घराला शौचालय दिलं आणि बाकी गाव उघड्यावर जात असेल, अंगणात कोंबड्या-शेळ्या तशाच असतील, तर रांगणाऱ्या बाळाच्या तोंडात जाणारी घाण फारशी कमी होत नाही. आतड्याच्या अस्तराला सतत सूज राहते, जुलाब न होताही. अन्न पोटात जातं पण पूर्ण शोषलं जात नाही. जुलाबांचा वाटा वेगळा: पाच देशांतल्या नऊ अभ्यासांची माहिती एकत्र केली तेव्हा दोन वर्षांच्या वयातल्या खुजेपणाचा सुमारे चौथा हिस्सा पाच किंवा जास्त वेळा झालेल्या जुलाबांच्या खाती गेला.

व्यवहारात: कोंबड्या खुराड्यात, रांगणाऱ्या बाळासाठी वेगळी धुता येणारी चटई किंवा पाट, बाळाची शी शौचालयात (ती "घाण नसते" हा समज सार्वत्रिक आहे), आणि भरवण्याआधी हात साबणानं. दुधाची बाटली पूर्ण बंद. वाटी-चमचा उकळता येतो, बाटलीचं बूच नीट धुणं मात्र कुणालाच जमत नाही.

---

केळफूल

याच ओघात बाळगुटी. परंपरेचा अपमान करायचा नाही, पण सहाणेवर हळकुंड, वेखंड, मुरडशेंग उगाळून एक-दीड महिन्याच्या बाळाला देताना पाणी कुठलं, सहाण शेवटची कधी धुतली, बोट कुणाचं? पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको, पाणीही नको, जन्मल्यावर मधाचं बोटही नको. आजीशी वाद घालून हे होत नाही. गुटी सहा महिन्यांनंतर, उकळलेल्या पाण्यात, एवढी तडजोड बहुतेक घरांत चालते.

---

पाचुंदा

एक जोखीम अजून कुणी लिहिली नाही: स्थलांतर. बीडकडची ऊसतोड टोळी दिवाळीच्या सुमारास निघते ती मार्च-एप्रिलला परत येते. जव्हार-मोखाड्यातली कुटुंबं वीटभट्टीवर जातात. सहा महिन्यांचं बाळ निघताना बरोबर असेल तर वरचं अन्न सुरू होण्याचा नेमका काळ फडात जातो. आई पहाटे ऊस तोडायला, बाळ सात-आठ वर्षांच्या बहिणीजवळ. दिवसात दोनदाच खाणं, तेही कोरडी भाकरी पाण्यात कुस्करून. अंगणवाडीचं नाव गावात, बाळ दुसऱ्या जिल्ह्यात.

निघण्याआधी करण्यासारखं: लांबी-वजन नोंदवून माता-बाल कार्ड आईच्या हातात द्या (गावात जमा करून ठेवू नका), मुक्कामाच्या गावाचं आणि कारखान्याचं नाव लिहून घ्या, लस आणि अ जीवनसत्त्वाचा डोस जवळ आला असेल तर आधीच द्या. सोबत शेंगदाणे, फुटाणे, गूळ यांचं भाजून दळलेलं पीठ. गरम पाण्यात कालवता येतं, महिनाभर टिकतं, चूल लागत नाही. पाणी मात्र उकळलेलं हवं, आणि फडावर तेच जड जातं.

---

भोपळी

फार उपयोगी चर्चा. दोन वर्षांनंतर मग काहीच होत नाही का? आणि ती उंचीची डब्यातली पावडर?

---

गंधर्वा

डब्यातल्या पावडरीत बहुतेक साखर, दूध पावडर आणि मिसळलेली जीवनसत्त्वं असतात. त्या पैशांत महिन्याची अंडी येतात.

दोन वर्षांनंतर काहीच नाही असं नाही, पण भरपाई कमी आणि हळू. पहिल्या वर्षात मूल साधारण 25 सेमी वाढतं, दुसऱ्यात 12 च्या आसपास, चार वर्षांनंतर वर्षाला पाच-सहा. राहून गेलेले सेमी त्या वेगात भरून काढायचे म्हणजे अवघडच. आणि एक धोका: उंची खुंटलेल्या तीन-चार वर्षांच्या मुलाला नुसतं तूप-साखर-बटाटा भरवलं तर वजन वाढतं, उंची नाही. पुण्याच्या अभ्यासातली चरबी राखणारी बाळं आठवा, मधुमेहाकडे जाणारी वाट तिथेच आहे. या वयात प्रथिनं, दूध, अंडं, डाळ वाढवा, गोड नाही. जंताची गोळी वर्षातून दोनदा, 1 ते 2 वर्षांना 200 मिग्रॅ, पुढे 400. लोहाचं सिरप आठवड्यातून दोनदा 1 मिली, म्हणजे 20 मिग्रॅ लोह.

आणि प्रत्येक ठेंगणं मूल कुपोषित नसतं. बालरोगतज्ज्ञाकडे पाठवायची लक्षणं: उणे 3 एसडीच्या खाली, खाणंपिणं चांगलं असूनही तीन वर्षांनंतर वर्षाला 5 सेमीपेक्षा कमी वाढ, हातपाय धडाच्या मानाने आखूड, बद्धकोष्ठ, सुस्ती, कोरडी कातडी (थायरॉईड), पोट फुगलेलं आणि चिकट शी (गव्हाचा सीलिॲक आजार), मुलगी ठेंगणी आणि मान रुंद (टर्नर सिंड्रोम, जन्मजात गुणसूत्रदोष). एक साधी खूण: कुपोषणात आधी वजन घसरतं आणि मग उंची. संप्रेरकाच्या बिघाडात मूल गुबगुबीत असतं आणि फक्त उंची थांबते.

---

निंबोणी

म्हणजे वरच्या उदाहरणातल्या मुलीसाठी क्रम असा लागतो. आधी कार्डावरून वय आणि दुसऱ्यांदा माप. मग जन्माचं वजन: 2.5 किलोच्या खाली असेल तर ती मागूनच सुटली होती, आणि घरात तिच्या आईकडे आधी पाहायचं, पुढच्या बाळंतपणाच्या अंतराकडेही. जन्म ठीक आणि सहाव्या महिन्याला 64-65 सेमी असेल (मुलींचा मध्यक 65.7), तर घसरण वरच्या अन्नाच्या काळातली. तेव्हा घट्टपणा, वेळा, अंडं, आजारानंतरचं जेवण. लांबी दर तीन महिन्यांनी मोजा, महिन्याला नको. महिन्याची वाढ एक सेमी आणि मापाची चूक अर्धा सेमी, त्यात काही कळत नाही. तीन महिन्यांत अडीच सेमीच्या पुढे गेली तर चाललंय ते चालू ठेवा. दीडच्या आत राहिली तर पुढच्या मापाची वाट न बघता डॉक्टर.